बारा महिने सफरचंद आणि केळी

आमच्या घरी कित्येक वर्षं फळं म्हणजे दोनच, सफरचंद नि केळी. सफरचंदही ते स्टिकरवालं, मेण चोपडल्यासारखं चकाकणारं, फ्रीजमधे पंधरा दिवस तसंच. गेल्या पावसाळ्यात सासूबाईंच्या दाताचं काम निघालं, सफरचंद चावेना, मग मी पहिल्यांदा खास फळांसाठी म्हणून मंडईत गेले, एरवी भाजी घेतली की सुटायचं.

तिथे एक मावशी पाटीत सासवडकडची सीताफळं घेऊन बसलेल्या. मी आपली मोठी मोठी उचलतेय तर म्हणाल्या, "ताई, आकारावर नका जाऊ, डोळे बघा." म्हणजे खवल्यांमधल्या भेगा पिवळसर दिसायला लागल्या की ते एकदोन दिवसात पिकणार, डोळे मिटलेलं फळ घरी नेलं तर नुसतंच काळं पडतं. इतकी वर्षं पुण्यात राहून हे मला माहीत नव्हतं!

मग जरा वाचायला लागले. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास सी व्हिटॅमिन असतं, संत्र्यात साधारण ५०, आणि आपण मात्र सी म्हटलं की संत्र्याकडे धावतो. शिवाय जेवणासोबत पेरूच्या दोन फोडी खाल्ल्या तर डाळीतलं, पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते. पपई-आंब्याच्या केशरी रंगातून ए व्हिटॅमिन, केळ्यातून पोटॅशियम, आणि जांभळाने जीभ जांभळी होते ना, तो रंगसुद्धा कामाचा, अँटिऑक्सिडंट. सफरचंदाला नावं ठेवत नाहीये, सालीसकट खा, फायबर चांगलं मिळतं, पण एकट्या त्याच्याकडून किती अपेक्षा करायची. ज्यूस मात्र बंद केला, चोथा गाळणीत टाकून गोड पाणी प्यायचं कशाला.

आता आमचा नियम एवढाच की गेल्या आठवड्यातलं फळ या आठवड्यात नाही आणणार. खर्च वाढला का, तर उलट कमी झाला, कारण सीझनचं घेतलं की स्वस्त पडतं. अंजीर तेवढं महाग. पण पुरंदरच्या अंजिराला २०१६ मधे जीआय, म्हणजे त्या भागाची खासियत म्हणून मानांकन, मिळालं, ते तासाभरावर पिकतं आणि आपण सुकं डब्यातलं खातो, हे काही मला पटेना, म्हणून पावशेर तरी आणतेच. उन्हाळ्यात सिंहगडावर द्रोणातली करवंदं, चिकाने ओठ चिकटले तरी चालेल.

पेरूच्या बिया सासूबाईंच्या कवळीत अडकतात म्हणून त्यांच्यासाठी बिया काढून गूळ घालून भाजी करते. शिजवल्यावर सी बरंच जातं, माहितीये, पण त्या एक पोळी जास्त खातात. सीताफळ मात्र त्यांना आख्खं लागतं, चमच्याने, सावकाश, आणि बिया ताटलीत मोजत बसतात. काल त्रेचाळीस निघाल्या.