कोथरूडमध्ये एल्फ विरुद्ध मढी

रविवारी कोथरूडला मित्राकडे वॉरहॅमर लावला, म्हणजे १९८३ साली आलेला तो रंगवलेल्या बारक्या पुतळ्यांचा लढाईचा गेम, माझे एल्फ, म्हणजे परीकथांतले टोकदार कानवाले योद्धे, आणि त्याचे सांगाडे-झॉम्बी. एल्फ चपळ, धनुष्यबाणात भारी, पण पॉइंट्समध्ये महाग (दोघांची फौज ठरलेल्या पॉइंट्समध्येच बसवायची असते) त्यामुळे संख्या कमीच. आणि समोर मी सांगाडे पाडतोय तर त्याचा मांत्रिक परत उठवतोय, वैताग नुसता! बरं ही मढी घाबरून पळतही नाहीत, झटापट जेवढ्या फरकाने हरली तेवढी आपोआप कोसळतात बस. मग मी सगळं सोडून माझ्या फौजेतले गरुड थेट मांत्रिकावर घातले, कारण सेनापतीच तो. तो गेला आणि फौज ढासळायला लागली. काकू म्हणाल्या, "ते स्मशान आवरा आता, पोहे आणतेय." पुढच्या वेळी हा व्हॅम्पायर आणणारे म्हणे. आण बाबा.