केमोच्या आधीचे बारा दिवस

रिपोर्ट आला तेव्हा मी ३१ वर्षांची, लग्नाला दीड वर्ष झालेलं, आणि मुलाचं "पुढच्या वर्षी बघू" चाललेलं. ब्रेस्ट कॅन्सर. सर्जरी झाली, केमो तीन आठवड्यांवर. डॉक्टरांनी केस जातील, तोंड येईल, उलट्या होतील सगळं सांगितलं, मुलाबद्दल एक अक्षर नाही. उठता उठता मीच विचारलं, तर म्हणाले आधी जीव वाचवू, मग बघू. अजून राग येतो मला त्या "मग"चा, कारण केमोतल्या सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधाने अंडाशयातली अंडी मरतात आणि नवीन काही तयार होत नाहीत, मग बघणार काय कपाळ?

मैत्रिणीच्या ओळखीने आयव्हीएफवाल्या मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या पाळीची वाट बघायची गरज नाही, आज अंडी वाढवायचं इंजेक्शन चालू केलं तर १०-१४ दिवसांत अंडी काढून गोठवता येतील. माझा ट्यूमर हार्मोनवर वाढणारा, इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन वाढायची भीती, म्हणून जोडीला ते कमी ठेवणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळ्या.

मग काय, फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी इंजेक्शनचे पेन, रोज रात्री आठ वाजता पोटात. मधेच नणंदेच्या बाळाचं बारसं आलं. पाळणा म्हणायला सगळ्या जमल्या आणि मी खाली पार्किंगमध्ये, गाडीत, साडी सोडवून पोटाला सुई टोचतेय, नवरा मोबाईलचा टॉर्च धरून उभा. वर गेले तर एका काकूंनी ओटीचा नारळ देत "आता तुझा नंबर" म्हटलंच.

शेवटचं, अंडी पक्व करणारं ट्रिगरचं इंजेक्शन मात्र मिनिटाला मिनिट, कारण पुढे साधारण ३६ तासांनी अंडी काढतात. तीन अलार्म लावले होते. भूल देऊन काढली, ११ निघाली, त्यातली ८ पक्व. एम्ब्रियो (दोघांचा मिळून गर्भ) करायचा की नुसती अंडी ठेवायची यावर आमच्या घरी बरीच खलबतं झाली, शेवटी नवराच म्हणाला अंडी ठेव, ती तुझी एकटीची राहतील. हे वाक्य मी विसरणार नाही. (पुरुषांचं सोपं असतं, सुई नाही भूल नाही, सॅम्पल दिलं की झालं, तरी शेजारच्या लिम्फोमावाल्या (तोही कॅन्सरच) पोराला लाजेपायी कोणी विचारलंच नाही.)

फॉर्मवर एक प्रश्न होता, तुमचा मृत्यू झाल्यास अंड्यांचं काय करायचं. तिथे पेन अडकलं. इंजेक्शनांना रडले नाही, तिथे रडले.

आता अंडी उणे १९६ डिग्रीला लिक्विड नायट्रोजनमध्ये आहेत. २०२१च्या कायद्याप्रमाणे १० वर्षं ठेवता येतात. मी टॅमॉक्सिफेनवर (हार्मोन रोखणारी कॅन्सरची गोळी) आहे, ते चालू असताना प्रेग्नन्सी नाही, मधे थांबवायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. आणि ८ अंडी म्हणजे ८ मुलं नव्हेत, एकही नाही झालं असंही होऊ शकतं, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलंय.

परवा स्टोरेजच्या रिन्यूअलचा मेसेज आला. इन्शुरन्सने यातलं काहीच दिलं नाही, सगळं खिशातून. सासूबाईंनी विचारलं कसले पैसे भरतेयस गं, म्हटलं आठ जणांचं भाडं. त्या आत गेल्या, कपाटातून पाचशेची नोट आणून माझ्या हातात ठेवली, म्हणाल्या, "यात एकाचं तरी होईल का?"