नाकावरचे पुरळ आणि मूत्रपिंडांतल्या गाठी : माझा अनुभव

माझ्या नाकाच्या दोन्ही बाजूंना लहानपणापासून लालसर, बारीक पुरळ होते आणि घरी, शाळेत, पुढे दवाखान्यांतही त्यांना तारुण्यपीटिकाच म्हटले गेले. पायाच्या नखाच्या मुळाशी येणारा मांसाचा कोंब दोनदा कापून काढला. दोन्ही वेळा तो परत आला. पाठीवर पानाच्या आकाराचे फिकट डाग होते, ते कोड असावे या भीतीने आईने माझे लग्न ठरेपर्यंत कोणाला दिसू दिले नाहीत. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, अशी शंका कोणालाही आली नाही.

२०१४ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, उजव्या कुशीत दुखू लागले म्हणून कोल्हापुरात सोनोग्राफी केली. दोन्ही मूत्रपिंडांत गाठी निघाल्या. सर्वांत मोठी ५ सेंटिमीटरांहून थोडी अधिक होती. अहवाल पाहून एका शल्यचिकित्सकांनी कर्करोगाच्या संशयावरून उजवे मूत्रपिंड काढण्याचा सल्ला दिला. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी मात्र तपासणी संपताच खोलीतला दिवा लावून माझा चेहरा निरखून पाहिला होता आणि विचारले होते, “हे पुरळ कधीपासून आहेत? नखांजवळ काही येते का?” त्या दोन प्रश्नांमुळे माझे मूत्रपिंड वाचले, असे मी आजही मानते. त्यांच्याच सांगण्यावरून मी शस्त्रक्रियेची घाई न करता पुण्याला गेले.

तिथे एमआरआयमध्ये गाठींत चरबी असल्याचे स्पष्ट झाले. रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची मिळून झालेली ही गाठ, म्हणजे अँजिओमायोलायपोमा, बहुधा कर्करोगाची नसते. पण तिच्यातल्या रक्तवाहिन्या कमकुवत असतात आणि गाठ वाढली की फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. चेहरा, नखे, पाठ आणि मूत्रपिंडे एकत्र पाहिल्यावर निदान झाले : ट्यूबरस स्क्लेरोसिस. बूर्नव्हिल या फ्रेंच डॉक्टरांनी १८८० साली वर्णन केलेला हा आनुवंशिक आजार आहे. मेंदूची आणि स्त्रियांमध्ये विशेष जपावी लागणाऱ्या फुप्फुसांची तपासणीही झाली. तिथे काळजीचे काही निघाले नाही.

जनुकीय तपासणीचा अहवाल यायला सहा आठवडे लागले. टीएससी-२ या जनुकात बिघाड होता. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे प्रथिन या जनुकावरून तयार होते. तो लगाम सुटला की त्वचेत, मूत्रपिंडांत, मेंदूत गाठी धरतात. आईवडिलांच्या रक्तात हा बिघाड सापडला नाही. सुमारे दोनतृतीयांश रुग्णांत तो असाच नव्याने उद्भवतो, असे समुपदेशक बाईंनी सांगितले, तेव्हा आई रडू लागली. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणात, मी पोटात असताना, तिने विळीवर भाजी चिरली होती आणि माझ्या पाठीवरचे डाग त्यामुळेच आले असे ती चौतीस वर्षे मनात धरून बसली होती. बाईंनी तिला कागदावर पेशीचे चित्र काढून समजावले. तो कागद आईने घरी आणून जपून ठेवला आहे.

पेशींची ही सुटलेली वाढ रोखणाऱ्या एव्हरोलिमस या औषधाच्या गोळ्या मला सुरू झाल्या. सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी ईस्टर बेटावरच्या मातीतील जिवाणूपासून मिळवलेल्या रॅपामायसिन या औषधाचेच हे भावंड. पहिले तीन महिने तोंडात फोड येत, जेवण जात नसे. कोलेस्टेरॉल वाढले, त्याचे वेगळे औषध घ्यावे लागले. वर्षभरात मोठी गाठ साडेतीन सेंटिमीटरांवर आली आणि नाकावरचे पुरळही फिके पडले, जे वीस वर्षांच्या मलमांनी कधी झाले नव्हते.

माझ्या मुलीला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी होती. ती चार वर्षांची असताना त्वचारोगतज्ज्ञांनी खोलीत अंधार करून निळसर प्रकाशाच्या दिव्याखाली तिची पाठ पाहिली. साध्या उजेडात मला कधीच न दिसलेले तीन फिकट डाग तिथे उमटले. त्याच दुपारी तिच्या मूत्रपिंडांची सोनोग्राफी झाली आणि रक्तदाबाची पहिली नोंद तिच्या फाईलमध्ये लिहिली गेली.