पायपेटीखालची टिकटिक

आमचा गेम एका संगीत नाटक मंडळीच्या दौऱ्याचा आहे. काळ 1920 च्या आसपासचा. कंपनीचं बिऱ्हाड गावोगाव हलवायचं, पडदे रंगवून घ्यायचे, रुसलेल्या नटाची समजूत काढायची आणि रात्री तिकिटांच्या गल्ल्याचा हिशेब जुळवायचा. टीम चौघांची, पैसे बेताचे. त्यामुळे चित्रं, आवाज, फॉन्ट यातलं बरंचसं मुक्त परवान्याचं घेतलेलं. माझ्याकडे आवाजाचं काम आणि परवान्यांची शीट. फाईल कुणाची, कुठून घेतली, परवाना कोणता, आपण त्यात काय बदललं, आणि घेतली त्या दिवशीचा त्या पानाचा स्क्रीनशॉट. हा शेवटचा रकाना बाकीच्यांना उगीचचा वाटतो. पण पानं गायब होतात, लोक परवाने बदलतात. एकदा दिलेला क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे सीसी, हा मुक्त परवाना मागे घेता येत नाही हे खरं, पण तो दिला होता हे दाखवायला हातात काही तरी हवं ना.

चित्रांच्या बाजूला फारशी भानगड नव्हती. बटणं आणि चौकटी केनी या डच डेव्हलपरच्या, सगळ्या सीसी झिरो, म्हणजे करणाऱ्यानं आपले हक्क सोडून दिलेल्या. नाव नाही दिलं तरी चालतं, आम्ही देतो. पात्रं 2012 च्या लिबरेटेड पिक्सेल कप या मुक्त गेम-चित्रांच्या स्पर्धेतली. त्यांना आमच्या चित्रकर्तीनं नऊवारी नेसवली, पगड्या चढवल्या. परवाना शेअर-अलाइक, म्हणजे ही नऊवारीही त्याच परवान्यानं जगाला खुली. कोड मात्र आमचाच राहतो. त्या परवान्याला तांत्रिक कुलूप चालत नाही, म्हणून गेम विकायच्या स्टीम या साईटचं डीआरएम, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप, लावलंच नाही आणि ती चित्रं फोल्डरमध्ये सरळ उघडी ठेवली. एका पात्राचं अंग एकाचं, केस दुसऱ्याचे, कपडे तिसऱ्याचे; त्यामुळे श्रेयनामावलीत आम्हा चौघांची नावं शोधावी लागतात. मराठी अक्षरं मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांच्या 'बलू' फॉन्टची, ओपन फॉन्ट लायसन्स या मुक्त परवान्यावर.

स्टीमच्या तपासणीला डेमो पाठवायचा त्याच्या आदल्या दिवशी मी सगळं संगीत हेडफोन लावून एकदा शेवटचं ऐकायला बसले. तालमीच्या प्रवेशाखाली पायपेटी आणि तबल्याचा एक तुकडा होता. ध्वनींच्या एका साईटवरून आमच्या प्रोग्रॅमरनं शोधून आणलेला, परवाना सीसी झिरो. फारच सुंदर वाजवलेला. थोडी खरखर होती, ती आम्हाला जुन्या काळासाठी हवीच होती.

त्या खरखरीत एक टिक ऐकू येत होती. एकदा कानात बसली की जाईना. मी फाईल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि एका टिकेपासून पुढच्या टिकेपर्यंत मोजलं : 0.77 सेकंद. पुढची? तेवढीच. त्यापुढचीही तेवढीच. मिनिटाला 78 फेरे म्हणजे एका फेऱ्याला बरोबर एवढाच वेळ लागतो. तबकडीवर आडवा ओरखडा असला की सुई दर फेऱ्याला त्याच्यावरून उडी मारते.

"प्लगिन असेल," प्रोग्रॅमर म्हणाला. "जुना आवाज करायला लोक लावतातच की."

शंका रास्त होती. पण टिकेबरोबर सूरही किंचित वरखाली होत होता. आणि शेवट संशयास्पद होता; आवाज फार घाईनं विरत नेला होता. मी तेवढाच भाग निवडून त्याचा आवाज भरपूर वाढवला. खरखर अंगावर आली, पेटीचा सूर फाटला, आणि त्याखालून एका बाईचा 'आ' निघाला. अर्धा सेकंदही नसेल. गाणं सुरू व्हायच्या क्षणाला कापलं होतं. म्हणजे आमचं तालमीचं संगीत हे कुणाच्या तरी गाण्याच्या रेकॉर्डची सुरुवात होती. खोलीत सगळे एकदम, "परत लाव!"

मग त्या अपलोड करणाऱ्याचं खातं पाहिलं. आमची पायपेटी, बल्गेरियन समूहगान, जपानी बासरी, अरबी ऊद, सगळं त्याचंच आणि सगळं सीसी झिरो. कुठेही वाद्य कुणी वाजवलं, कुठे, कधी, याची एक ओळ नाही. त्याला विचारलं, उत्तर आलं नाही. सीसी झिरोच्या मजकुरातच लिहिलंय की इतरांचे हक्क मोकळे करून देण्याची जबाबदारी देणारा घेत नाही. त्यामुळे फाईलवरच्या सीसी झिरोच्या बिल्ल्याकडे बोट दाखवून आमची सुटका नव्हती.

वाद मात्र रंगला. रेकॉर्ड जुनीच आहे, मग बिघडलं कुठे? आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं. चालीचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. संगीत नाटकांना चाली देणारे भास्करबुवा बखले 1922 साली गेले, त्यांच्या चाली आज कुणीही वाजवाव्यात. पण तीच चाल कुणी 1970 साली रेकॉर्ड केली असेल तर ती रेकॉर्ड अजून मोकळी नाही. हे झालं इथलं. स्टीमवर आपण अमेरिकेतही विकतो, आणि तिथल्या 2018 च्या कायद्यानं 1923 ते 1946 च्या रेकॉर्डना प्रकाशनापासून 100 वर्षं दिलीत, त्यापुढच्या दहा वर्षांतल्यांना 110. आमच्या तुकड्यात 5 किलोहर्ट्झच्या वरचे बारीक, उंच आवाज जवळजवळ नव्हतेच, त्यावरून प्रोग्रॅमरनं ती रेकॉर्ड माइकशिवाय, भोंग्यापुढे गाऊन केलेली, 1925 च्या आधीची ठरवून टाकली. असेलही. पण गायिका कोण, कंपनी कोणती, साल कोणतं? अंदाजावर गेम विकता येत नाही. तुकडा काढला.

आमच्या चित्रकर्तीच्या ओळखीचे एक काका नाट्यसंगीताला साथ करतात. घरी जुनी पायपेटी आहे. फोन केला, "आत्ता या, संध्याकाळी माझे विद्यार्थी असतात." सदाशिव पेठेतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर. दोन माइक, एक पेटीच्या मागे आणि एक थोडा लांब, कारण भात्याचा श्वास आणि पायट्यांची करकर मला हवी होती. पहिल्याच चांगल्या वाजवण्यात शेजारच्या कुकरची शिट्टी झाली.

मी एक पानी करार काढला तेव्हा काका म्हणाले, "मानधन ठरलं ते ठीक. पण पुढं दुसऱ्या कुणी हे वापरलं तर?" मी सांगितलं, तुम्ही म्हणाल तसं, एरवी ते फक्त आमच्या गेमपुरतं. कराराला आमची घाई होती, त्यांना नव्हती. चहा झाला. मग त्यांनी तालमीचा मोठा तुकडा गेमपुरताच ठेवला, आणि भीमपलासातले दोन छोटे तुकडे, "हे पोरांना वापरू देत, पण माझं नाव लावून." म्हणजे सीसी बाय. नावाचं स्पेलिंग त्यांनी स्वतः कागदावर लिहून दिलं.

डेमो त्या रात्री उशिरा गेला. ते दोन तुकडे दुसऱ्या दिवशी चढवले : वाद्य, वादक, राग, ठिकाण, तारीख, माइक कुठे ठेवले, आणि एका तुकड्यात शेवटी कुकर आहे, तो हवा तर कापावा.