एक एप्रिल आणि तीन अभिनंदनं

जपानी कंपन्यांत १ एप्रिल हा बढत्या-बदल्यांचा दिवस. टोकियोच्या आमच्या कार्यालयात पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. यंदा त्या सकाळी तीन अभिनंदनं एकदम आली: आमच्या साहेबांची बढती, ग्राहक कंपनीतले एक अधिकारी उपकंपनीचे अध्यक्ष झालेले, आणि एका सहकाऱ्याचं लग्न ठरलेलं.

साहेबांचं सोपं होतं. बातमी आधीच फुटली होती, पण अधिकृत आदेशाआधीची पूर्वसूचना, म्हणजे ‘नाइजी’, गुप्त असते. ती बदलूही शकते, म्हणून जाहीर होईपर्यंत कोणी चकार शब्द काढला नाही. नंतर उभं राहून ‘गोशोओशिन ओमेदेतोओ गोझाइमास’, म्हणजे बढतीबद्दल अभिनंदन. नुसतं ‘ओमेदेतोओ’ बरोबरीच्यांना किंवा धाकट्यांना चालतं. वरिष्ठांना ‘गाम्बात्ते कुदासाइ’ म्हणू नये. मेहनत करा, असं आपणच त्यांना सांगितल्यासारखं होतं. त्याऐवजी ‘कोरेकारामो योरोशिकु ओनेगाइ इताशिमास’, म्हणजे यापुढेही आपली कृपा असू द्या.

खरी कसोटी ग्राहकाच्या पत्राची. नव्या सहकाऱ्याने मसुद्यात ‘गोएइतेन’ लिहिलं होतं. तो शब्द मानाच्या जागी झालेल्या बदलीसाठी. मुख्य कार्यालयातून उपकंपनीत जाणं हा सन्मान असू शकतो, तसंच बाजूला सारणंही. बाहेरून ते कळत नाही, आणि चुकलं तर जखमेवर मीठ. म्हणून ‘गोशूनिन’ घेतलं: पदभार स्वीकारला, एवढंच. पुढे ‘कोकोरो योरी ओइवाइ मोओशिआगेमास’, म्हणजे मनापासून अभिनंदन करतो. त्याच ईमेलमध्ये थकलेल्या ऑर्डरची चौकशी जोडायचा आग्रह झाला, तो मी मोडून काढला. अभिनंदनाच्या पत्रात कामाचा विषय आला की अभिनंदन हे निमित्त वाटतं. अशा वेळी कोचोओरान ऑर्किडची पांढरी, तीन दांड्यांची कुंडी पाठवतात; पण पुष्कळ कंपन्या भेटी स्वीकारत नाहीत, म्हणून आधी त्यांच्या प्रशासन विभागाला फोन केला.

लग्नाच्या आहेराचं पाकीट दुपारी आलं आणि परत पाठवावं लागलं. त्यावरच्या ‘मिझुहिकी’ दोरीची गाठ फुलासारखी, सहज सुटणारी होती. ती बाळाच्या जन्माला, बढतीला चालते, कारण असे प्रसंग पुन्हा यावेत. लग्नाला न सुटणारी ‘मुसुबिकिरी’च हवी. समारंभाला जाणारा सहकारी साधारण ३०,००० येन देतो, दहा हजारांच्या तीन कोऱ्या नोटा. आपल्याकडे ५०१ देताना वर रुपया ठेवतात. इथे तसं नाही, पण विषम आकड्याचा आग्रह तोच, सम रक्कम दुभंगते म्हणून. नोटेवरचा चेहरा दर्शनी बाजूला, वरच्या अंगाला. आतल्या पाकिटावर रक्कम जुन्या चिनी अंकांत, म्हणजे खाडाखोड करता येत नाही. बाहेरच्या पाकिटाच्या मागे खालची घडी वरच्या घडीवर यायला हवी. उलट झाली तर ते शोकाचं पाकीट होतं, आणि घाईत नेमकं हेच चुकतं.

शुभेच्छापत्रात पूर्णविराम-स्वल्पविराम टाळतात, कारण त्यात शेवट दिसतो. ‘वाकारेरु’ (वेगळं होणं), ‘किरेरु’ (तुटणं) हे शब्द नकोत. ‘कासानेगासाने’सारखे (पुन्हा पुन्हा) द्विरुक्त शब्दही नकोत, दुसऱ्या लग्नाची सूचना वाटते.

समारंभाला न जाणाऱ्यांनी मिळून एक भेट घेतली. वर्गणी मुद्दाम कमी ठेवली. नवदांपत्याला साधारण अर्ध्या किमतीची परतभेट महिनाभरात द्यावी लागते, आणि मोठी रक्कम त्यांच्यावरच ओझं होते.