म्हैसमाळचं माळरान आणि अंबाजोगाईची आमराई: डिस्क गोल्फचे तीन दिवस

नोव्हेंबरचा शेवटचा शुक्रवार. पहाटे साडेपाचला संभाजीनगरहून निघालो तेव्हा गाडीत चार माणसं, घडीची दोन बास्केट, पाण्याचा एक जार आणि एकोणीस डिस्क होत्या. म्हैसमाळ साधारण ४० किलोमीटर. खुलताबाद सोडलं की रस्ता चढायला लागतो आणि माथ्यावर पोचेपर्यंत गाडीच्या काचा धुक्याने भरतात.

वाटेत दौलताबाद लागतं, जरा वाकडी वाट केली की वेरूळ. दोन्ही ठिकाणची हिरवळ बघून हात शिवशिवतात. पण ही संरक्षित स्मारकं आहेत, तिथे डिस्क पिशवीतून बाहेर काढायची नाही. गौताळ्यासारख्या अभयारण्यातही नाही. आम्ही खेळलो ते सगळं खाजगी रानात, मालकाला आधी फोन करून. खेळ जिथे नवा असतो तिथे पहिल्या गटाने जे वागावं, त्यावर पुढच्यांना दार उघडं राहतं की नाही ते ठरतं. म्हणून हे आधीच लिहिलं.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोल्फमध्ये चेंडू असतो, इथे डिस्क. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून फेकायची, जिथे थांबेल तिथून पुढची फेक, साखळ्यांच्या बास्केटमध्ये पडेपर्यंत. टीपासून बास्केटपर्यंतचा एक टप्पा म्हणजे एक होल. कमी फेकींत संपवेल तो पुढे. पहिला कायमचा कोर्स १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह बागेत झाला. तो मांडणारे एड हेड्रिक यांनीच पुढे साखळीची बास्केट आणली आणि १९७६ मध्ये या खेळाची संघटना, पीडीजीए, सुरू केली. आज जगभर तिचेच नियम चालतात. आम्हीही तेच पाळतो.

म्हैसमाळचा माथा हजार मीटरच्या वर आहे. ओळखीच्या एका कुटुंबाचं तिथे चार एकर पडीक माळरान आहे. झाडं तुरळक, मधे मुरूम, मधे काळ्या खडकाच्या उघड्या पाट्या आणि बाकी सगळं वाळलेलं कुसळी गवत. दोन बास्केटवर नऊ होल खेळायची युक्ती सोपी आहे. एका बास्केटवर खेळ चालू असताना दुसरी पुढच्या जागी नेऊन ठेवायची. दोघे खेळतात, दोघे वाहतात. दर तीन होलांनी बदल.

पहिल्या दोन होलांतच कळलं की इथे डिस्क किती लांब जाते यापेक्षा ती कशावर उतरते हे महत्त्वाचं. मी उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन फेकते, म्हणजे शेवटी डिस्क डावीकडे झुकते आणि डावी कड आधी टेकते. मऊ जमिनीवर ती तिथेच बसते. खडकाच्या पाटीवर टेकली की मात्र ताट सरकावं तशी निघते. तिसऱ्या होलवर माझी डिस्क बास्केटच्या उजवीकडे, अगदी हवी तिथे उतरली. टक् असा आवाज आला आणि ती उसळून डावीकडे गेली. पावलं मोजली तर तेरा. दुसऱ्यांदा त्याच होलवर मी मुद्दाम पाटीच्या अलीकडे, गवतावर उतरवली. तिथे ती दोन पावलंही सरकली नाही. माळरानावर गेलात तर टीवर उभं राहण्याआधी बास्केटपर्यंत चालत जा आणि उतरायची जागा पायाने तपासा. पाच मिनिटं जातात, पण दोन फेकी वाचतात.

एक बास्केट आम्ही आधी कड्याकडच्या बाजूला लावली होती. त्या उसळीनंतर लगेच उचलली आणि होल उलटा फिरवला. कड्याच्या दिशेने एकही होल ठेवू नका. डिस्कमागे धावणारा माणूस खाली बघत नसतो.

सूर्य वर आला तसा वारा सुटला. समोरून वारा आला की डिस्क हलकी झाल्यासारखी वागते. वर उठते आणि माझ्यासारखीची उजवीकडे वळते. पाठीमागून आला की उलट, लवकर खाली बसते आणि डावीकडे झुकते. समोरच्या वाऱ्यात जोर वाढवायचा नाही. जड, सरळ राहणारी डिस्क घ्यायची, नाक, म्हणजे डिस्कची पुढची कड, खाली ठेवायचं आणि छातीच्या उंचीने सोडायची. डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: स्पीड (वेग), ग्लाइड (तरंगणं), टर्न (वेगात असताना वळणं) आणि फेड (वेग कमी झाल्यावर शेवटी झुकणं). माळरानावरच्या वाऱ्यात शेवटचे दोन आधी बघा.

कुसळांबद्दल गंभीरपणे सांगते. कापडी बूट आणि लोकरी मोजे घालून आलात तर नऊ होलांत पाय टोचून हैराण होतील. जाड पँट, घोट्याच्या वर येणारे बूट आणि बरोबर एक चिमटा ठेवा. पहाटे गवतावर दव असतं, ओली डिस्क बोटांतून निसटते. त्यासाठी सुती पंचा कमरेला खोचलेला बरा, टॉवेलपेक्षा लवकर सुकतो. गवतात हात घालण्याआधी काठीने हलवून बघायचं. या दिवसांत घोणस उन्हाला येऊन पडते.

अकराला खेळ थांबवला, दुपार संभाजीनगरात काढली. डिस्क गाडीत ठेवून काचा बंद करू नका. उन्हाने मऊ होतात आणि एकमेकींवर दाबल्या तर वाकतात. वाकलेली डिस्क पूर्वीसारखी उडत नाही.

शनिवारी बीड, मांजरसुंबा, केज करत अंबाजोगाईला पोचलो. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, चहा धरून पाच तास लागले. मामांचं रान गावाबाहेर आहे: दोन एकर केशर आंबा, बाजूला तूर, पलीकडे कापूस आणि मागे मोकळं पडीक.

बास्केटची गोष्ट इथे सांगायला हवी. रविवारी इथे छोटी स्पर्धा होती, तिच्या नऊ होलांसाठी उरलेली सात बास्केट आम्ही ओळखीच्या वेल्डरकडून करून घेतली होती. पाइप, सळईची जाळी आणि वरच्या कड्याला साखळ्या: बाहेरून बारा, आतून सहा. जाळीची वरची कड जमिनीपासून ८२ सेंटिमीटरवर. साखळी हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळते. पहिल्यांदा आम्ही बैल बांधायची जाड साखळी आणली होती, तिच्यावर डिस्क आपटून बाहेर यायची. साखळीचं काम डिस्कचा वेग खाऊन टाकायचं आहे, त्यासाठी ती हलकी आणि सैल हवी. बदलल्यावर पहिली पट, म्हणजे बास्केटजवळून टाकलेली फेक, बसली तेव्हा जो आवाज आला तो ऐकून वेल्डरदादांनी स्वतः पाच-सहा डिस्क फेकून बघितल्या.

आमराईतला खेळ म्हणजे माळरानाचं अगदी दुसरं टोक. झाडं दहा बाय दहा मीटरवर लावलेली आणि बारा वर्षांची आहेत, त्यामुळे दोन ओळींत चार-पाच मीटरची गल्ली उरते. फांद्या खाली झुकलेल्या असल्यामुळे वरूनही छप्पर. इथे ड्रायव्हर, म्हणजे लांब जाणाऱ्या डिस्क, पिशवीतच राहू द्या. मी बासष्ट मीटरचा दुसरा होल ड्रायव्हरने तीनदा खेळले आणि तीनही वेळा डिस्क पहिल्या किंवा दुसऱ्या खोडाला लागून आडवी गेली. मग पटर, म्हणजे जवळच्या फेकीची डिस्क, घेतला, पळत न येता उभ्यानेच, कमरेच्या उंचीने सोडला. गल्लीतून सरळ गेला आणि बास्केटच्या अलीकडे थांबला. झाडीत बास्केटकडे बघायचंच नाही. दहा पावलांवरची पहिली फट बघायची आणि त्या फटीच्या मधोमध फेकायचं. पळत न येण्याला आणखी एक कारण आहे: ठिबकच्या नळ्या. पानांखाली दिसत नाहीत, पाय अडकतो आणि नळीही तुटते.

दहा मीटरचं ते अंतर आम्हाला वेगळ्याच कामी आलं. नियमाप्रमाणे बास्केटपासून दहा मीटरच्या आत पट करताना तोल सावरल्याशिवाय पाय पुढे टाकता येत नाही. बास्केट झाडांच्या ओळीत, एका तुटल्या झाडाच्या जागी लावली की शेजारचं झाड म्हणजेच ती हद्द. टेप काढायची गरजच उरली नाही.

संध्याकाळी मामा आले. झाडात अडकलेल्या डिस्ककडे बघत म्हणाले, “काय खेळलालाव रे पोराहो हे? आन् दगड नका मारू झाडाला.” आत गेले आणि आंबे उतरवायचा झेला घेऊन आले. लांब बांबू आणि टोकाला जाळी. डिस्क अलगद जाळीत आली, एक पानही तुटलं नाही. दुसऱ्या दिवशी स्पर्धेत झेला आमराईच्या मधोमध उभा करून ठेवला होता. डिस्क अडकली तर खेळ तिच्या बरोबर खालच्या जमिनीवरून सुरू होतो, हेही नवख्यांना आधी सांगून ठेवा. नाहीतर लोक झाडावर चढायला लागतात.

रविवारी चौदा जण जमले: लातूर, परभणी, नांदेड आणि आम्ही. पाच, पाच आणि चार असे गट, तिन्ही वेगवेगळ्या होलवरून एकाच वेळी सुरू. चार होल आमराईत, पाच पडिकात, दोन फेऱ्या, पार (अपेक्षित फेकी) चोपन्न. सकाळी मांडणी फिरून बघताना पाचव्या होलजवळच्या वडावर आग्या मोहोळ दिसलं. मामांनी दाखवलं म्हणून. आम्ही तर खालीच बघत होतो. तो होल तसाच उचलून रानाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि वडाकडे कुणी फिरकू नये म्हणून सांगून ठेवलं. मोठ्या झाडाखाली बास्केट लावण्याआधी वर बघा.

तूर आणि कापूस दोन्ही हद्दीबाहेर, बांधावर सुतळी ओढलेली. डिस्क हद्दीबाहेर गेली तर एक फेक वाढते. सातव्या होलवर धाकट्या बहिणीची डिस्क बांधावरच्या हराळीवर, सुतळीवर आडवी पडली. ती आणि परभणीचा मित्र दोघेही गुडघ्यांवर बसले. तिने गवत न हलवता गाल जमिनीला टेकवून बघितलं: काळ्या मातीवर सुतळी, सुतळीवर डिस्क आणि डिस्कची बोटभर कड सुतळीच्या अलीकडे. सुतळी स्वतः बाहेर धरतात, पण डिस्क पूर्णपणे बाहेर असेल तरच दंड. तिची बोटभर आत होती. मित्राने लगेच मान्य केलं आणि तिच्या कार्डावर तसंच लिहिलं. पंच नसताना स्पर्धा चालते ती अशीच. दंडामुळे निकाल फिरला असता असंही नाही. तो पंचावन्नवर पहिला आला, नांदेडची मुलगी छप्पन्नवर दुसरी.

रंगांची चूक मात्र आमची सगळ्यांची झाली. कापूस वेचणीला आलेला असताना पांढरी डिस्क आणू नका. बोंडांत ती शोधून सापडत नाही. पिवळी वाळल्या गवतात जाते, हिरवी तुरीत. शोधायला तीन मिनिटं असतात, त्यानंतर ती हरवली समजायची आणि दंड घ्यायचा. गुलाबी किंवा भडक निळी आणा. डिस्कवर आतून फोन नंबर लिहा.

शेततळ्याबद्दल हे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. मामांच्या पडिकाच्या टोकाला प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे. त्या उतारावर शेवाळाने पाय ठरत नाही आणि आत गेलेला पोहता येत असूनही वर चढू शकत नाही. अशाने माणसं गेली आहेत. बऱ्याच डिस्क पाण्यात बुडतात. गेली तर गेली, तिच्यासाठी कुणीही आत उतरायचं नाही. आम्ही त्या बाजूचा होल तळ्यापासून लांब फेकला जाईल असा वळवला आणि एक माणूस तिथेच उभा केला. कठडा नसलेल्या विहिरीलाही हेच लागू.

कधी यावं? दिवाळीनंतर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत. त्याआधी काळी माती चिकट असते, बुटाला किलोकिलोने लागते. त्यानंतर आंब्याला मोहोर येतो आणि मोहोर आलेल्या बागेत डिस्क फेकणं म्हणजे शेतकऱ्याच्या वर्षाच्या कमाईवर फेकणं. मोहोर दिसला की आमराई बंद, फक्त पडीक. एप्रिल-मे तर नकोच, ऊन सोसत नाही. पाणी माणशी तीन लिटर धरा. जेवणाची सोय मालकाला आधी सांगून, पैसे देऊन करा. आम्हाला भाकरी, ठेचा आणि मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा मिळाल्या. जाताना रानातून फिरून सुतळ्या, बाटल्या, कागद सगळं उचलून न्या.

सातही बास्केट मामांच्या गोठ्यात ठेवली आहेत. बहिणीची हिरवी डिस्क दुसऱ्या फेरीत तुरीत गेली होती, तीन मिनिटांत सापडली नाही. जानेवारीत तूर काढली तेव्हा मामांचा फोन आला, “ताटली सापडली बाई तुमची. मळणीच्या आधी उचलली. पुढच्या खेपेला जरा आधी सांगा, पडिकातलं गवत कापून ठेवतो.”