१८ लिटर की साडेबारा: मॉडेलचा तर्क नेमका कुठे घसरतो

इंदूरमधल्या एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात महाप्रसादाला श्रीखंड आहे असं धरा. पानं ६०, दर पानाला १२० ग्रॅम. साखर चक्क्याच्या वजनाच्या ८० टक्के. एक लिटर दुधाचा ३२० ग्रॅम चक्का पडतो. दूध किती आणायचं? भाषा-मॉडेलचा (चॅटबॉटमागे असणाऱ्या एआयचा) तर्क तपासायला मला असे प्रश्न फार आवडतात, कारण चूक कोणत्या पायरीवर झाली ते उत्तराचा आकडाच सांगून टाकतो.

एकूण श्रीखंड ७२०० ग्रॅम. चक्का १ भाग आणि साखर ०.८ भाग, म्हणून ७२०० भागिले १.८. चक्का ४००० ग्रॅम, दूध साडेबारा लिटर. मॉडेलने १८ लिटर सांगितलं, तर त्याने ८० टक्के हा श्रीखंडातला चक्क्याचा वाटा धरला आहे: ५७६० भागिले ३२०, बरोबर १८. भागाकार अचूक, आकडा पूर्ण, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. साडेपाच लिटर दूध मात्र जास्तीचं येतं.

२०२२ मध्ये गुगलच्या संशोधकांनी दाखवलं की पायऱ्यांसकट सोडवलेली आठ उदाहरणं प्रश्नाच्या आधी दिली, की ५४० अब्ज पॅरामीटरच्या (म्हणजे प्रशिक्षणात ठरणाऱ्या आकड्यांच्या) पाम या त्यांच्या मॉडेलची जीएसएम८के या शालेय गणितांच्या संचावरची अचूकता १७.९ वरून ५६.९ टक्क्यांवर जाते. त्याच वर्षी पुढची युक्ती आली: एकच प्रश्न ४० वेळा सोडवून घ्यायचा आणि सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर धरायचं. त्याने आकडा ७४ च्या पुढे गेला. घरच्या वापराला ५ ते १० वेळा पुरतं. टेम्परेचर, म्हणजे उत्तरांत किती वैविध्य येऊ द्यायचं ते ठरवणारी सेटिंग, ०.७ च्या आसपास ठेवा. शून्यावर ठेवलंत तर जवळजवळ तेच उत्तर पुन्हा पुन्हा येईल आणि मतदानाला अर्थ उरणार नाही.

पण मतदानाने फक्त तुरळक चुका धुऊन निघतात. प्रश्नच चुकीचा वाचला गेला असेल, तर दहापैकी आठ वेळा १८ येईल आणि १८ बहुमताने निवडून येईल. म्हणून मी वाचन आणि आकडेमोड या दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. पहिल्या फेरीत एवढंच सांगायचं: ‘दिलेली माहिती समीकरणांत लिही. प्रत्येक टक्केवारीपुढे ती कशाच्या टक्के आहे ते लिही. आकडेमोड करू नकोस.’ आलेल्या ओळी स्वतः वाचा, चारच असतात. दुसऱ्या फेरीत त्या समीकरणांचा पायथन कोड लिहून घ्या आणि तो खरोखर चालवा. कोड न चालवता मॉडेलने ‘आउटपुट’ म्हणून लिहिलेला आकडा हा अंदाजच असतो. तिसऱ्या फेरीत उलटा ताळा: १२.५ गुणिले ३२० म्हणजे ४०००, त्यात साखर ३२०० मिळवून ७२००, भागिले ६०, म्हणजे १२०. जुळलं.

‘नक्की का? पुन्हा बघ’ असं विचारणं मात्र टाळा. बाहेरून नवीन माहिती मिळाली नाही, तर मॉडेल कधी कधी बरोबर उत्तरही बदलून बसतं. तपासणी करायचीच असेल तर नव्या संभाषणात, आधीचं उत्तर न दाखवता करा.

आता प्रश्नात एक वाक्य घाला: ‘पाच जणांना उपास आहे, पण श्रीखंड त्यांनाही वाढायचं.’ उत्तर बदलायला नको. ५५ पानं धरून साडेअकराच्या आसपास लिटर आले, तर मॉडेल समजून घेत नाहीये, ओळखीच्या साच्यात आकडे भरतंय. अॅपलच्या संशोधकांनी २०२४ मध्ये असेच फालतू तपशील घालून पाहिले, तेव्हा काही मॉडेलांच्या अचूकतेत ६५ टक्क्यांपर्यंत घट झाल्याचं दिसलं. स्वतःची प्रश्नावली करताना प्रत्येक प्रश्नाच्या तीन आवृत्त्या ठेवा: मूळ, आकडे बदललेली, आणि बिनकामाचं वाक्य घातलेली.

मॉडेल प्रशिक्षितच करायचं असेल, तर डीपसीक-आर१ या चिनी मॉडेलने जानेवारी २०२५ मध्ये दाखवलेली वाट सर्वांत सरळ आहे: एका प्रश्नाची अनेक उत्तरं घ्यायची, बरोबर उत्तराला नियमाने गुण द्यायचे आणि गटाच्या सरासरीपेक्षा चांगल्यांना बळ द्यायचं. गटातली सगळीच उत्तरं बरोबर किंवा सगळीच चूक असली, तर त्या प्रश्नातून काहीच शिकलं जात नाही. म्हणून मॉडेलला कधी जमतात, कधी जमत नाहीत असेच प्रश्न निवडा.

मराठीत खरा घोळ हे गुण आपोआप देणाऱ्या स्क्रिप्टमध्ये (छोट्या प्रोग्राममध्ये) होतो. अपेक्षित उत्तर इंग्रजी अंकांत आणि मॉडेलने लिहिलं ‘१२.५ लि.’ किंवा ‘साडेबारा लिटर’, तर बरोबर उत्तराला शून्य गुण पडतात आणि मॉडेल मराठी टाळायला शिकतं. इंदुरी मराठीत तर ‘ढाई सौ’ आणि ‘अडीचशे’ एकाच वाक्यात येऊ शकतात. तुलनेआधी सगळे अंक एका लिपीत आणा. पाव, सव्वा, दीड, अडीच, पावणे, साडे यांचा तक्ता हिंदी रूपांसकट जोडा. अंतिम उत्तर ठरावीक खुणांमध्ये मागा. टोकनची (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं त्यांची) मर्यादाही सैल ठेवा, कारण बऱ्याच मॉडेलांत देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात. अर्ध्यात तुटलेली उत्तरं ‘चूक’ मध्ये न टाकता वेगळी मोजा. ती वाढू लागली तर मर्यादा वाढवायला हवी.